मुलीच्या फोनवर देखरेखीसाठी कोणते अ‍ॅप निवडावे?

नाशिककर_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा सातवीत आहे, बारा वर्षांची. शाळा सुटल्यावर शिकवणी आणि तिथून परस्पर बॅडमिंटनचा वर्ग, त्यामुळे तिची घरी यायची वेळ रोज सारखी नसते. आम्ही दोघेही नोकरी करतो. घरी सासूबाई आणि सासरे असतात. शिकवणीच्या ग्रुपवर येणारा अभ्यास ती आजवर सासऱ्यांच्या फोनवर पाहत असे. आता मात्र तिच्याजवळ स्वतःचा फोन हवा, असे आम्हा दोघांनाही वाटू लागले आहे. माझा जुना अँड्रॉइड फोन तिला द्यावा असा विचार आहे. माझा नवा फोन अँड्रॉइडच आहे, यजमानांकडे आयफोन आहे.

फोन हातात देण्याआधी त्यावर देखरेखीची काहीतरी सोय करून ठेवावी अशी आमची इच्छा आहे. गुगलचे फॅमिली लिंक विनामूल्य मिळते. क्वस्टोडिओ, नॉर्टन फॅमिली यांसारखी वार्षिक वर्गणीची अ‍ॅपही आहेत. शिवाय यजमानांच्या एका सहकाऱ्याने तिसरेच एक अ‍ॅप सुचवले आहे. ते प्ले स्टोअरवर नाही, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करावे लागते. मुलीच्या फोनवर त्याचे चिन्ह दिसत नाही आणि तिचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, आलेले-गेलेले कॉल, फोटो असे सगळे आम्हाला आमच्या फोनवर वाचता येते, असे ते म्हणाले.

खरे सांगायचे तर हे ऐकल्यावर मला क्षणभर बरे वाटले, कारण आमची भीती नेमकी तीच आहे. तिच्याच वर्गातल्या एका मुलीला कोणा अनोळखी माणसाने एका ग्रुपमध्ये घेतले आणि तिथे अत्यंत घाणेरडी चित्रे आली. त्या मुलीने भीतीपोटी कितीतरी दिवस घरी सांगितलेच नाही. असे आपल्या मुलीच्या बाबतीत घडले तर आपल्याला ते कळले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. परंतु मुलीला न सांगता तिचे सगळे वाचणे मनाला पटतही नाही. फॅमिली लिंक पुरेसे आहे का, पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये अधिक काय मिळते, आणि ते तिसऱ्या प्रकारचे अ‍ॅप घ्यावे की नाही, याविषयी अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुरुस्तीवाला_सांगली

ताई, आधी तिसऱ्या प्रकाराविषयी लिहितो, कारण आमच्या दुकानात हे काम घेऊन येणारे पालक पुष्कळ असतात आणि मी ते काम करत नाही.

असे अ‍ॅप फोनमध्ये बसवताना ते तुमच्याकडून काय काय करून घेते, हे एकदा नीट पाहा. ब्राउझरमधून आलेली फाइल फोन सहजासहजी घेत नाही, म्हणून अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घेण्याची परवानगी द्यायला लावतात. मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप ओळखणारी गुगलची सोय, बंद करायला सांगतात. त्यानंतर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही परवानगी मुळात दृष्टी अधू असलेल्या किंवा हातांनी फोन वापरता न येणाऱ्या माणसांसाठी आहे. ती मिळालेल्या अ‍ॅपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. शेवटी डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेतात, जेणेकरून अ‍ॅप सहज काढता येऊ नये. बँकेचे पैसे पळवणारी खोटी अ‍ॅप फोनमध्ये शिरतात तीसुद्धा बहुतेक याच वाटेने शिरतात. मुलीच्या रक्षणासाठी तिच्या फोनचे सगळे दरवाजे आपणच उघडून ठेवायचे, असा हा व्यवहार होतो.

प्ले स्टोअरचा नियम याबाबतीत स्पष्ट आहे. पालकांसाठीचे देखरेखीचे अ‍ॅप तिथे ठेवता येते. परंतु त्याला स्वतःला लपवता येत नाही. त्याचे चिन्ह दिसले पाहिजे आणि ते चालू असताना तशी सूचना फोनवर सतत दिसत राहिली पाहिजे. म्हणजे जे अ‍ॅप लपते, ते त्या दुकानातून बाहेर राहिले यामागे हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक खूण सांगतो. त्या अ‍ॅपचे संकेतस्थळ खालपर्यंत वाचून काढा. त्याच अ‍ॅपची जाहिरात नवऱ्यावर किंवा बायकोवर पाळत ठेवण्यासाठी केलेली असेल, तर ते अ‍ॅप मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनलेले नाही, हे उघड आहे.

संगणक_शिक्षिका

सांगलीच्या दादांनी लिहिलेल्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगते. लपून चालणाऱ्या अ‍ॅपकडे जमा झालेली माहिती तुमच्या फोनवर येण्याआधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे ती सुरक्षित राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. टीनसेफ नावाच्या अमेरिकी अ‍ॅपचे सर्व्हर २०१८ मध्ये उघडे पडलेले आढळले. त्यात पालकांचे ईमेल पत्ते आणि मुलांच्या अ‍ॅपल खात्यांचे पासवर्डसुद्धा होते. हे अ‍ॅप तर पालकांसाठी म्हणूनच विकले जात होते. स्पायफोन या कंपनीवर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाळत ठेवण्याच्या व्यवसायातच बंदी घातली. मुलीचे फोटो, तिच्या मैत्रिणींचे संदेश आणि ती रोज कोणत्या वेळी कुठे असते याची नोंद, या तीन गोष्टी एकत्र ज्या जागी साठतात, ती जागा आपण डोळे मिटून निवडू नये.

प्ले स्टोअरवरची सगळी अ‍ॅप निर्मळ आहेत, असेही माझे म्हणणे नाही. स्पेनमधील संशोधकांच्या पुढाकाराने २०२० मध्ये अँड्रॉइडवरच्या पालकांसाठीच्या ४६ अ‍ॅपचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७२ टक्के अ‍ॅप माहिती अशा त्रयस्थ कंपन्यांना देत होती, ज्यांचा उल्लेख त्या अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात नव्हता. जाहिरातीच्या कंपन्याही त्यात होत्या. म्हणून माझ्याकडे जे पालक विचारायला येतात, त्यांना मी एकच सांगते : आपली गरज जेवढ्या कमी परवानग्यांमध्ये भागते, तेवढेच अ‍ॅप घ्यावे.

आता गरज काय आहे ते पाहू. तुमच्या पत्रातून मला तीन गोष्टी दिसतात. ती कुठे पोहोचली हे कळावे. फोनवर किती वेळ आणि कोणती अ‍ॅप हे तुमच्या हातात राहावे. आणि अनोळखी माणसाने तिला गाठू नये. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी फॅमिली लिंक चांगल्या प्रकारे करते. तिचे गुगल खाते तुमच्या देखरेखीखाली येते आणि तिने प्ले स्टोअरवरून काही घ्यायचे म्हटले की तुमच्या फोनवर परवानगीची विचारणा येते. दिवसाची एकूण मर्यादा, प्रत्येक अ‍ॅपची वेगळी मर्यादा आणि रात्रीची बंदची वेळ ठरवता येते. बंदच्या वेळेतही आलेला कॉल ती घेऊ शकते. क्रोममध्ये अश्लील संकेतस्थळे अडवण्याचा पर्याय आहे आणि देखरेखीखालच्या खात्याला तिथे इन्कॉग्निटो, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी खिडकी मिळत नाही. यूट्यूबसाठी वयानुसार तीन पायऱ्या आहेत. त्यांतली पहिली साधारण नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि दुसरी तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. तिच्या वयाला पहिलीच योग्य वाटते.

फॅमिली लिंक जे करत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. ते तिचे संदेश दाखवत नाही, कॉल ऐकवत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप किंवा एखाद्या खेळाच्या आत कोण काय बोलले हे त्याला कळत नाही. अनोळखी माणसाची भीती त्याने दूर होत नाही. त्यासाठी त्या त्या अ‍ॅपच्या आत जावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप' असा भाग आहे. तिथे 'सर्वजण' ऐवजी 'माझे संपर्क' निवडले, की अनोळखी माणूस तिला थेट ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. तुम्ही सांगितलेली घटना बहुधा एवढ्याच एका बदलाने टळली असती. त्याच ठिकाणी अनोळखी क्रमांकांचे कॉल शांत करण्याची सोय आहे, प्रोफाइलचा फोटो केवळ संपर्कातल्या लोकांना दिसेल असे करता येते, आणि आलेले फोटो आपोआप उतरणेही साठवण व डेटाच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. हे सगळे तिच्या शेजारी बसून, तिच्या हातून करून घ्यावे. मी वर्गात मुलांकडून असेच करून घेते. पुढे नवे अ‍ॅप आले की मुले स्वतःहून आधी हीच पाने शोधतात.

दोन_मुलांचा_बाबा

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत संदेश अजिबात पाहायचेच नाहीत, ही भूमिका मला पूर्णपणे पटत नाही. सायकल शिकवताना आपण काही दिवस मागून कॅरिअर धरून धावतोच. माझा मुलगा दहावीत आहे आणि मुलगी सहावीत. आमच्या घरी पहिल्या दिवसापासून नियम असा आहे की आठवीपर्यंत फोन आई किंवा बाबा कधीही मागू शकतात आणि समोर बसून पाहू शकतात. मुलांना हे ठाऊक आहे. लपूनछपून काही नाही. मुलगा दहावीत गेल्यापासून आम्ही त्याचा फोन मागत नाही.

वर्गणीच्या अ‍ॅपविषयी म्हणाल तर मी क्वस्टोडिओ वापरतो, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आमच्या घरी मुलांसाठी विंडोजचा लॅपटॉप आहे आणि फॅमिली लिंकची देखरेख अँड्रॉइडचे फोन, टॅब आणि क्रोमबुक एवढ्यांवरच चालते. मला फोन आणि लॅपटॉप दोन्हींचा हिशेब एका ठिकाणी हवा होता. केवळ विंडोजचा प्रश्न असेल, तर मायक्रोसॉफ्टचे फॅमिली सेफ्टी हेसुद्धा विनामूल्य मिळते. तुमच्या पत्रात लॅपटॉपचा उल्लेख नाही. फक्त एक फोन असेल तर निव्वळ वेळेच्या मर्यादेसाठी वर्षाला पैसे भरण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

वर्गणी भरणार असाल तर एक सूचना आवर्जून करतो. शाओमी, ओप्पो, विवो यांसारख्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप फोन स्वतःच बंद करून टाकतो. त्यामुळे अ‍ॅप बसवूनही दोन दिवसांनी मुलीचे ठिकाण जुनेच दिसत राहते आणि आपण उगाच घाबरतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी 'ऑटोस्टार्ट' चालू करावे आणि बॅटरीच्या निर्बंधातून त्याला वगळावे. आधी विनामूल्य मुदतीत तुमच्याच फोनवर ते टिकते का हे पाहावे, मगच वर्षाचे पैसे भरावेत. वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी असते. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर ती तिथेच रद्द करावी लागते, अ‍ॅप काढून टाकल्याने ती थांबत नाही.

नाशिककर_आई

सर्वांचे मनापासून आभार. ते लपणारे अ‍ॅप घ्यायचे नाही, हे आता आमच्या दोघांच्याही मनात पक्के झाले आहे. दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे, काही अ‍ॅप संदेश पूर्ण न दाखवता, त्यात धोकादायक शब्द आला तरच पालकांना इशारा देतात, असे वाचले. हा मधला मार्ग कसा आहे? दुसरी शंका अशी की माझा जुना फोन तिला देण्याआधी त्यात काय काय बदलावे लागेल? माझे खाते तसेच ठेवून त्यावर फॅमिली लिंक लावता येते का?

संगणक_शिक्षिका

पहिल्या शंकेविषयी. ही कल्पना चांगली आहे, पण ती आपल्या मुलांच्या भाषेपाशी अडते. अशा इशाऱ्यांसाठी सर्वाधिक नाव असलेले बार्क हे अमेरिकी अ‍ॅप भारतात उपलब्ध नाही. जी इतर अ‍ॅप अशी सोय देतात, ती प्रामुख्याने इंग्रजी शब्दांवर आधारलेली असतात. आपली मुले मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात मिसळतात आणि बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. त्यात प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. 'भेटायला ये, घरी सांगू नकोस' हे वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर त्यात धोका आहे हे कोणत्याही आईला एका नजरेत कळते, पण शब्दांची यादी पाहणाऱ्या यंत्राला कळेलच असे नाही. उलट मैत्रिणींमधली साधी चेष्टा धोकादायक ठरते आणि पालकांना रोज इशारे येतात. काही दिवसांनी ते इशारे कोणी उघडतही नाही. शिवाय अँड्रॉइडवर हे संदेश वाचायचे तर पुन्हा सूचनांची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागतेच, कारण व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत असे असतात आणि ते फक्त पडद्यावरच वाचता येतात.

दोन मुलांच्या बाबांनी सांगितलेली, समोर बसून फोन पाहण्याची पद्धत मला या इशाऱ्यांपेक्षा अधिक बरी वाटते. मात्र एक पथ्य पाळावे. त्या फोनमध्ये तिच्या मैत्रिणींचेही बोलणे असते आणि त्या मुलींनी तुम्हाला ते वाचायची परवानगी दिलेली नाही. ग्रुपची यादी, अनोळखी क्रमांक आणि नवी अ‍ॅप पाहावीत. मैत्रिणीने तिच्या घरातले काय लिहिले आहे, ते वाचत बसू नये.

मुलांना ही अ‍ॅप कशी वाटतात, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये, मुलांनी स्वतः लिहिलेली अशा अ‍ॅपची परीक्षणे तपासली. बहुसंख्य मुलांनी अगदी कमी तारे दिले होते. मुलांची तक्रार अशी होती की या अ‍ॅपमुळे घरातले नाते बिघडते. संयम शिकवणाऱ्या किंवा पालकांशी बोलणे सोपे करणाऱ्या अ‍ॅपविषयी मात्र काही मुलांनी चांगलेही लिहिले होते. तुमच्या मुलीच्या वर्गातली ती मुलगी इतके दिवस गप्प राहिली, त्याचे कारण तिच्या फोनवर अ‍ॅप नव्हते हे मला वाटत नाही. घरी सांगितले तर फोन काढून घेतील, हे भय बहुतेक मुलांना असते. म्हणून फोन देतानाच तिला स्पष्ट शब्द द्यावा की असे काही आले आणि तिने तुम्हाला दाखवले, तर फोन काढून घेतला जाणार नाही. आणि तो शब्द मोडू नये.

दुरुस्तीवाला_सांगली

जुन्या फोनविषयी मी लिहितो. तुमचे खाते तसेच ठेवून फोन देऊ नका. फोनमध्ये मोठ्या माणसाचे खाते असेल, तर प्ले स्टोअर तिला मोठी माणूसच समजते आणि फॅमिली लिंक त्या खात्यावर लागत नाही. शिवाय तुमचे ईमेल, फोटो, साठवलेले पासवर्ड आणि कार्डही त्याच फोनमध्ये राहतात.

आधी तुमच्या फोटोंची आणि व्हॉट्सअ‍ॅपची नक्कल नव्या फोनवर घ्या. यूपीआयची आणि बँकेची अ‍ॅप जुन्या फोनमधून काढा. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन तुमचे गुगल खाते काढा, आणि मगच फोन पूर्ण रिसेट करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बटणे दाबून रिसेट केलेला फोन पुन्हा सुरू करताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवला नाही की लोक तसाच फोन घेऊन आमच्याकडे येतात.

रिसेटनंतर फोन सुरू करतानाच मुलीचे खाते तिच्या खऱ्या जन्मतारखेने तयार करा. वय वाढवून लिहू नका. देखरेखीची सगळी सोय त्या तारखेवर उभी असते. फॅमिली लिंकमध्ये पालक म्हणून तुम्ही दोघेही राहू शकता, त्यासाठी यजमानांचा आयफोन चालतो. देखरेख मात्र मुलीच्या अँड्रॉइड फोनवरच राहील. पुढे कधी तिला आयफोन दिला, तर तिथे अ‍ॅपलचे स्क्रीन टाइम वापरावे लागेल; ते २०१८ पासून आयफोनमध्येच असते.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'सेकंड स्पेस', म्हणजे एकाच फोनमध्ये दुसरी स्वतंत्र जागा, किंवा एकाच अ‍ॅपच्या दोन प्रती चालवण्याची सोय असते. ती बंद आहे का, हे पाहून घ्या. तारीख आणि वेळ 'आपोआप' वर ठेवा, कारण घड्याळ मागेपुढे करून मर्यादा चुकवता येते का, हे मुले सर्वांत आधी करून पाहतात.

सिमकार्डाचे वेगळे सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या नावावर आपल्याकडे सिम मिळत नाही, त्यामुळे ते तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर असणार. ज्या क्रमांकावर तुमच्या बँकेचे किंवा आधारचे ओटीपी येतात, तो क्रमांक चुकूनही तिच्या फोनमध्ये घालू नका. तिच्यासाठी नवाच क्रमांक घ्या आणि तो कोणत्याही खात्याशी जोडू नका.

वकील_ठाणे

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बालकाची माहिती हाताळण्याआधी कंपनीने पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी, आणि बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवू नये किंवा त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे कलम ९ सांगते. काही अपवाद आहेत. परंतु बालकांविषयीचे कर्तव्य मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यामुळे आज कोणतेही अ‍ॅप निवडताना त्या कंपनीचा पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क आणि खाते बंद केल्यावर माहिती पुसण्याची पद्धत त्यांच्या धोरणात लिहिली आहे का, हे वाचावे. जिचा पत्ताच सापडत नाही, अशा कंपनीविरुद्ध कायदा असूनही तुम्हाला काही करता येणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलीच्या वर्गात घडलेल्या प्रकाराविषयी. बालकाला लैंगिक हेतूने अश्लील चित्रे दाखवणे हा पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, २०१२ याखाली गुन्हा आहे. चित्रांमध्ये बालक असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब लागू होते. अशा वेळी घाबरून ग्रुप पुसून टाकू नये, आणि 'पाहा काय आले आहे' म्हणून ती चित्रे दुसऱ्या पालकांना पाठवूही नयेत. बालकांची अशी चित्रे पुढे पाठवणे हादेखील गुन्हाच आहे. क्रमांक, ग्रुपचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसाठीच्या विभागात तक्रार करावी. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करावा. त्या मुलीच्या पालकांपर्यंत हे पोहोचवता आले तर अवश्य पोहोचवा.

नाशिककर_आई

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलेले त्या मुलीच्या आईला आजच कळवते.

आमच्यापुरते असे ठरले आहे : फॅमिली लिंक, रात्री साडेनऊनंतर फोन बंद, तिचा नवा क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'माझे संपर्क' आणि आठवड्यातून एकदा तिच्यासोबत बसून ग्रुपची यादी पाहणे. यातले प्रत्येक कलम आम्ही तिला आधी सांगणार आहोत. इन्स्टाग्राम इतक्यात नाही, हेही तिला सांगितले आहे. तिथे खात्यासाठी किमान तेरा वर्षे लागतात. पुढे मागितलेच तर किशोरवयीन मुलांसाठीच्या मर्यादित खात्याचा विचार करू.

एकच अडचण राहिली आहे. तिच्या फोनवर मर्यादा लागली की ती सासऱ्यांचा फोन घेईल, हे मला आत्ताच दिसते आहे. ते नातीला नाही म्हणणार नाहीत.

दुरुस्तीवाला_सांगली

हे प्रत्येक घरात होते, ताई. त्यावर अ‍ॅप नाही, पण बरेच काही करता येते. सासऱ्यांच्या फोनवर प्ले स्टोअरच्या पालक नियंत्रणात पिन लावा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असे करा. यूट्यूबमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सोय, चालू करता येतो. पण तो कोणीही सेटिंगमध्ये जाऊन बंद करू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. यूपीआयचा पिन तिला माहीत असेल, तर तो आजच बदला. घरातल्या वायफायच्या राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीची कुटुंबांसाठीची डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा), म्हणजे १.१.१.३ हा पत्ता घातला, तर घरातल्या सगळ्या फोनवर अश्लील संकेतस्थळे बऱ्याच अंशी अडतात. मोबाइल डेटावर मात्र त्याचा उपयोग नाही.

आणि फोनच्या कुलपाचा आकडा बदला. तो सासऱ्यांच्या लक्षात राहणार नाही म्हणून चिठ्ठीवर लिहून कव्हरच्या आत ठेवू नका. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी ज्येष्ठांच्या फोनमागे अशी घडी घातलेली चिठ्ठी सापडते आणि ती नातवंडांना आधीपासून ठाऊक असते. त्याऐवजी त्यांच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांचे ठसे नोंदवून द्या. वयामुळे ठसे झिजलेले असतील तर एकाच अंगठ्याची दोनदा नोंद करावी, म्हणजे फोन पटकन उघडतो.